दफ्तर फक्त आवारात उघडावं म्हणून

घराण्याच्या जुन्या कागदांचं दफ्तर कॉलेजला देताना अण्णांनी अट एकच घातली होती. कागद स्कॅन करा, कॉम्प्युटरवर ठेवा, पण ज्याला वाचायचे असतील त्याने कॉलेजात येऊन वाचावेत. प्राचार्यांनी सही केली आणि करारपत्राची झेरॉक्स माझ्या टेबलावर आली, कारण कॉलेजचे सर्व्हर मी सांभाळते.

दफ्तर मोडीतलं. अण्णांच्या घराण्याकडे पूर्वी गावचं कुलकर्णीपण होतं, त्यामुळे त्यात जमाखर्चाच्या वह्या, वसुलीच्या नोंदी, पत्रं, कर्जरोखे असं सगळं. इतिहास विभागाच्या मुलांनी ते उन्हाळ्याच्या सुट्टीत स्कॅन केलं होतं. आमच्या ग्रंथालयाचा कॅटलॉग कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरवर आहे. कोहा अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रॅमवर चालतं आणि आमचं सगळं बिऱ्हाड एका भाड्याच्या सर्व्हरवर, कारण कॉलेजातली वीज कधी जाईल याचा नेम नाही. कॅटलॉग साऱ्या जगाला दिसायला हवा, स्कॅनचं फोल्डर तेवढं कॉलेजबाहेर बंद. सर्व्हरच कॉलेजच्या खोलीत असता तर केबल बाहेर न काढता काम भागलं असतं. इथे सर्व्हर बाहेर, वाचक आत, म्हणजे समोरून येणारा माणूस कॉलेजातला आहे की नाही हे सर्व्हरने दुरून ओळखायचं.

ग्रंथपाल सरांना यात नवल वाटलं नाही. "जर्नलवाल्यांना आपण आयपी कळवतो, तसंच ना मॅडम?" अगदी तसंच. मोठे प्रकाशक संस्थांना असाच प्रवेश देतात. संस्थेने आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपला नंबर, कळवायचा, तो त्यांच्या यादीत जातो आणि त्या पत्त्यावरून आलेल्याला पासवर्ड विचारला जात नाही. आता यादी ठेवणारे आम्ही.

सरांनी जुन्या फायलीतून एक फॉर्म काढून दिला. त्यावर कॉलेजचा आयपी म्हणून १९२.१६८.१.१० असं सुबक अक्षरात लिहिलेलं. हा पत्ता बाहेर कुणालाच दिसत नाही. १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमपत्राने १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी मोकळे ठेवले, आणि घरोघरचे राउटर आजही त्यातलेच वाटतात. मागणी बाहेर जाताना राउटर त्या सगळ्यांवर आपला एकच सार्वजनिक पत्ता लावतो. अण्णा योगायोगाने तिथे बसले होते. त्यांनी विचारलं, "एवढी पोरं, एवढे कॉम्प्युटर, आणि बाहेर नंबर एकच?" म्हटलं, वाड्याचा पत्ता एक असतो अण्णा, आत बिऱ्हाडं किती ते पोस्टमन विचारत नाही. ते त्यांना पटलं. मला मात्र तेव्हाच जाणवलं, की पुढची सगळी भानगड याच उत्तरात आहे.

मुख्य इमारतीची लाइन लीज्ड, म्हणजे खास कॉलेजसाठी घेतलेली, पत्ता कायमचा. तो सर्व्हरच्याच लॉगमधून, म्हणजे त्याच्या नोंदवहीतून काढला: ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवरून एक पान उघडलं आणि नोंद कुठल्या पत्त्याने पडली ते पाहिलं. 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटपेक्षा मला हे बरं वाटतं. आपल्याला आपल्या सर्व्हरला काय दिसतं तेवढंच हवं असतं. खरा पत्ता इथे देत नाही. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, तेच वापरते. आणि अपाचीच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये, हे सगळं रोमन लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं असतं, मी वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितेय.

नेटवर या कामाच्या ज्या कृती सापडतात, त्यातल्या निम्म्या जुन्या जमान्यातल्या. 'ऑर्डर', 'अलाऊ फ्रॉम', 'डिनाय फ्रॉम' असे तीन शब्द, आणि त्यांचा तिढा असा की ओळी फाईलमध्ये कोणत्या क्रमाने लिहिल्या याला काही अर्थ नसतो. 'ऑर्डर' काय म्हणतो ते खरं. 'डिनाय,अलाऊ' म्हटलं तर आधी नकार तपासले जातात, मग होकार, आणि कशातच न बसणारा आत येतो. 'अलाऊ,डिनाय' म्हटलं तर उलट, आणि कशातच न बसणारा बाहेर. म्हणजे 'अलाऊ,डिनाय' लिहून खाली 'डिनाय फ्रॉम ऑल' टाकलं की वर कितीही पत्त्यांना परवानगी द्या, कुणीही आत येत नाही. स्वल्पविरामानंतर जागा सोडली तर अपाची सुरूच होत नाही, हे वर आणखी.

२०१२ मध्ये आलेल्या अपाचीच्या २.४ आवृत्तीने हा घोळ मिटवला. आता 'रिक्वायर आयपी' लिहून पुढे पत्ता द्यायचा, संपलं. 'रिक्वायर'च्या नुसत्या ओळी एकाखाली एक लिहिल्या तर त्यातली कुठलीही एक जुळली तरी पुरे. पत्ता अर्धा लिहिला, म्हणजे २०३.०.११३ एवढाच, तर त्यापुढचे सगळे २५६ पत्ते आले. 'रिक्वायर नॉट आयपी' असंही लिहिता येतं, पण नुसत्या नकारावर कुणाला प्रवेश मिळत नाही. सोबत एखादा होकार लागतो आणि दोन्ही 'रिक्वायरऑल'च्या कंसात घालावे लागतात. आमच्या फोल्डरला होकाराची एक ओळ पुरेशी होती.

ती 'डिरेक्टरी' ब्लॉकमध्ये लिहिली, 'लोकेशन'मध्ये नाही. 'डिरेक्टरी' डिस्कवरचं फोल्डर बघतो. 'लोकेशन' फक्त यूआरएल, म्हणजे ब्राउझरमध्ये लिहिलेली लिंक बघतो. तीच फाईल दुसऱ्या एखाद्या वाटेने पोचत असेल तर तो आडवा येत नाही. कोहाच्या कॉन्फिगमध्ये एलियासची, म्हणजे फोल्डरकडे नेणाऱ्या वेगळ्या वाटांची, रेलचेल असते, तिथे हा धोका नको.

ओळ लिहिली तरी जुनं सामान शिल्लक होतंच. सर्व्हर आधी ज्यांच्याकडे होता त्यांच्या काळातले 'ऑर्डर'चे ठोकळे जागोजागी पडलेले. २.४ जुने शब्दही समजून घेते, त्यासाठी ॲक्सेस कॉम्पॅट नावाचं मॉड्यूल आहे, पण जुनं-नवं एकत्र झालं की निकाल काय लागेल सांगता येत नाही. मी ते मॉड्यूलच बंद केलं, म्हणजे जुना शब्द जिथे असेल तिथे अपाची बोंब मारेल. मुख्य कॉन्फिगमधले ठोकळे कॉन्फिगटेस्टने, म्हणजे अपाचीच्या तपासणीच्या आज्ञेने, बरोबर दाखवले. ते साफ केल्यावर 'सिंटॅक्स ओके' आलं, रीलोड केलं, आणि कॅटलॉगचं मदतीचं पान एरर ५०० द्यायला लागलं. कॉन्फिगटेस्ट फोल्डरांमधल्या एचटीॲक्सेस फाइली, म्हणजे त्या त्या फोल्डरपुरते नियम, वाचत नाही. त्या मागणी आल्यावरच वाचल्या जातात, आणि त्यातल्या एकीत एक 'ऑर्डर' दडून बसला होता. ग्रेप या शोधायच्या आज्ञेने शोधला, काढला.

मग खात्री. ग्रंथालयातून फोल्डर उघडलं. माझ्या फोनवर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच लिंक लावली तर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारला. एरर लॉगमध्ये 'क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन' ही ओळ, तिच्यात माझ्या मोबाइलचा पत्ता. हे वाक्य लॉगमध्ये बघताना एरवी पोटात गोळा येतो, त्या दिवशी छान वाटलं.

इथवर सोपं होतं. खरं काम निघालं ते वसतिगृहामुळे.

मुलींचं वसतिगृह रस्त्यापलीकडे. कॉलेजचंच, करारातल्या आवारात मोडणारं, पण लाइन वेगळी, साधी ब्रॉडबँड. तिचा पत्ता बदलता. राउटर बंद-चालू झाला की नवा नंबर. इतिहासाच्या मुली संध्याकाळी तिथेच अभ्यास करतात, त्यांनी काय करायचं?

पहिला विचार होस्टनेमचा. अपाचीत 'रिक्वायर होस्ट' आहे: पत्त्याऐवजी नाव द्या, त्या नावाखालचे सगळे आत. वाटलं, वसतिगृहाच्या पत्त्याला काहीतरी नाव असेलच. 'डिग' या आज्ञेने उलटा शोध घेतला, म्हणजे पत्त्यावरून नाव. उलट्या शोधात पत्त्याचे चार भाग मागून पुढे लावून त्यापुढे इन-ॲडर-आर्पा जोडतात आणि त्या नावाची पीटीआर नोंद मागतात. नाव मिळालं, पण ते ब्रॉडबँडच्या कंपनीचं. आयपीचेच आकडे डॅश घालून लिहिलेले आणि मागे कंपनीचं डोमेन. त्या डोमेनला दार उघडलं असतं तर कंपनीचे पंचक्रोशीतले सगळे गिऱ्हाईक आत.

तरी एका चाचणी फोल्डरवर 'रिक्वायर होस्ट' लावून पाहिलंच, कारण ते कसं चालतं हे मला डोळ्याने बघायचं होतं. अपाची दोनदा विचारते. आधी पत्त्यावरून नाव, मग त्या नावावरून पत्ता, आणि दुसऱ्या फेरीत मूळ पत्ता परत आला तरच आत सोडते. हा खटाटोप उगीच नाही. पीटीआर नोंद ज्याच्या हातात पत्ता, त्याच्या हातात असते. उद्या कुणी आपल्या पत्त्यांना आमच्या कॉलेजचं नाव लावलं तर त्याला कोण अडवणार? पण आमच्या डोमेनची सुलट नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी, त्याच्या हातात नाही, तिथे तो पकडला जातो. गूगलचा बॉट खरा की सोंग घेतलेला हे ओळखायला गूगलही हीच दुहेरी पडताळणी सांगते. या चाचणीत एक गंमत दिसली: ॲक्सेस लॉगमध्ये सगळे पत्ते आकड्यात आणि मध्येच एखादं नाव. होस्टनेम लुकअप्स, म्हणजे लॉगसाठी पत्त्याचं नाव शोधायची सोय, तर बंद होती. पण नावावरून प्रवेश ठरवायचा म्हणून अपाचीने ते शोधलेलं असतं, आणि लॉगच्या %एच रकान्यात तेच उमटतं. %ए लिहिलं की पत्ताच येतो. तेव्हापासून मी %ए लिहिते.

मग 'रिक्वायर फॉरवर्ड-डीएनएस' सापडलं, २.४.१९ पासून आलेलं. हे फक्त सुलट विचारतं: मी दिलेल्या नावाचा आत्ताचा पत्ता काय, आणि आलेला माणूस त्याच पत्त्याचा आहे का? बदलत्या लाइनीसाठी हे नेमकं औषध. राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस चालू केलं, एक नाव घेतलं, पत्ता बदलला की ते नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळायचं. वीज जाऊन आली की थोडा वेळ मुलींना ४०३ दिसायचा, मग सुरळीत. सगळे खूश. मीसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामं, कुलूप, वॉचमन गेटवर. आणि लॉगमध्ये वसतिगृहाच्या पत्त्यावरून स्कॅन वाचल्याच्या नोंदी. रात्रीच्या. कर्जरोख्यांचं एक बाड पानामागून पान उलटत कुणीतरी बराच वेळ वाचलेलं. वॉचमनकाकांना फोन केला तर ते म्हणाले, "इथं मांजर न्हाई मॅडम." वायफायचा पासवर्ड फुटला असेल म्हणून सुट्टी संपायच्या आधीच जाऊन राउटर उघडला. जोडलेली उपकरणं शून्य. पण त्याच पानावर वर लिहिलेला वॅन पत्ता, म्हणजे राउटरला बाहेरच्या लाइनीकडून मिळालेला, पाहिला आणि उलगडा झाला. तो १०० ने सुरू होत होता, दुसरा आकडा सत्तरीतला. सर्व्हरच्या लॉगमध्ये वसतिगृहाचा म्हणून जो दिसायचा तो भलताच.

१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढले. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. सार्वजनिक पत्ते पुरेनात, म्हणून कंपनी स्वतःच एक मोठा राउटर बनते आणि अनेक गिऱ्हाइकांना मिळून एक पत्ता देते. डायनॅमिक डीएनएसची सेवा बाहेरून जो दिसेल तो पत्ता नोंदवते. म्हणजे आमचं नाव ज्या पत्त्याकडे बोट दाखवत होतं, त्यावर वसतिगृहाबरोबर आणखी कोण कोण होतं, ते कंपनीलाच ठाऊक. त्यातलाच कुणी कॅटलॉगमधून लिंक दाबून आत गेला असणार. त्याला घुसखोर तरी कसं म्हणावं? दार उघडं होतं, तो आला. गावात मोडी वाचणारे थोडे, त्यामुळे तो कोण असेल याचे तर्क स्टाफरूममध्ये पुढे बरेच दिवस चालले.

फॉरवर्ड-डीएनएसची ओळ त्याच दिवशी काढली आणि स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीचा अर्ज केला. त्याचे वर्षाला वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर तो कागद लेखा विभाग, प्राचार्य, पुन्हा लेखा विभाग असा फिरला. दरम्यान मुली रस्ता ओलांडून ग्रंथालयात येत राहिल्या. पासवर्ड का नाही दिला, असं एका सहकाऱ्याने विचारलं. देता आला असता, अपाचीत 'एकतर ओळखीचा पत्ता, नाहीतर पासवर्ड' असं लिहिता येतं. पण पासवर्ड व्हॉट्सॲपवरून पुण्याला पोचायला किती वेळ लागतो?

पुढचा धक्का मुख्य इमारतीतूनच आला. लाइनवाल्यांनी राउटर बदलून दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालयातच ४०३. सर फोनवर जवळजवळ ओरडले. लॉगमध्ये आमचा ओळखीचा पत्ता नव्हताच, त्याच्या जागी कोलनांनी जोडलेलं लांबलचक काहीतरी. नव्या राउटरने आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी लांब पद्धत, सुरू केलं होतं, सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते पहिल्यापासून होते, आणि दोन्ही वाटा असल्या की ब्राउझर बहुधा नवी घेतो. आता तो लांब पत्ता यादीत टाकून भागत नाही. फोन आणि कॉम्प्युटर त्याचा शेवटचा अर्धा भाग गोपनीयतेसाठी अधूनमधून स्वतःच बदलतात. लाइनवाल्यांकडून कॉलेजला नेमून दिलेला /४८ चा पट्टा लेखी मागून घेतला, म्हणजे पत्त्याचे पहिले तीन गट, आणि तो 'रिक्वायर आयपी'च्या दुसऱ्या ओळीत टाकला.

कॅटलॉग जलद व्हावा म्हणून सर्व्हरपुढे सीडीएन, म्हणजे पानं वाचकापर्यंत पोचवणारी मध्यस्थ सेवा, बसवायची सूचनाही मध्ये आली होती. मी नको म्हटलं. मग सर्व्हरला प्रत्येक वाचक सीडीएनच्याच पत्त्यावरून आलेला दिसतो आणि खरा पत्ता एक्स-फॉरवर्डेड-फॉर या हेडरमध्ये येतो. त्या हेडरवर डोळे मिटून भरवसा ठेवला तर काय होतं ते विभागात करून दाखवलं: चाचणी फोल्डरला ते हेडर मानायला सांगितलं, आणि मोबाइल डेटावरून कर्ल या आज्ञेने कॉलेजचा पत्ता त्यात हाताने लिहून मागणी पाठवली. फोल्डर उघडलं. रिमोट-आयपी मॉड्यूलमध्ये कोणत्या मध्यस्थाचं ऐकायचं ते नेमून देता येतं, पण त्या मध्यस्थांची यादी कायम ताजी ठेवायला आमच्याकडे माणूस कुठे?

एवढं झाल्यावर मी आणि सर अण्णांच्या घरी गेलो. मला त्यांना सांगायचं होतं की सर्व्हरला माणूस दिसत नाही, लाइन दिसते. ग्रंथालयात बसून मोबाइल डेटा वापरणाऱ्या मुलाला तो बाहेरचा समजतो, आणि लॅबमधला कॉम्प्युटर घरून रिमोटने चालवणाऱ्याला आतला. दिवाळीतली हकीकतही सांगितली. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, पत्रं कुणी का वाचेना. माझी भीती रोख्यांची. त्यात ज्यांची नावं हायेत त्यांचे नातू गावात नांदतात. कुणाच्या आज्यानं किती कर्ज बुडवलं ते फोनवर फिरायला नको."

ही गोष्ट करारपत्रात कुठेच नव्हती. सरांनी तिथेच तोडगा सुचवला आणि मला तो माझ्या सगळ्या ओळींपेक्षा बरा वाटतो: रोख्यांची बाडं सर्व्हरवरून उतरवायची. ग्रंथालयातल्या एका कॉम्प्युटरवर, नेटची तार काढून, सरांच्या टेबलासमोर वाचायची, रजिस्टरात सही करून. पत्रं आणि जमाखर्च आयपीच्या कुंपणात राहू दे. कुंपणातून कधीमधी कुणी डोकावलं तर अण्णांची हरकत नाही. वसतिगृहाचा स्टॅटिक आयपी पुढे मंजूर झाला, ती तिसरी ओळ. त्याच्या नूतनीकरणाची तारीख लेखा विभागाच्या कॅलेंडरवर मी स्वतः लाल पेनाने लिहून आले आहे, कारण पैसे चुकले की तो पत्ता दुसऱ्या कुणाला मिळेल आणि आमचा सर्व्हर त्याचंही स्वागत करेल.

शेवटचं काम म्हणजे ४०३ चं पान. अपाचीचं मूळचं इंग्रजी 'फॉरबिडन' बघून लोकांना आपण काही गुन्हा केल्यासारखं वाटतं. मराठीत साधं पान लिहिलं. ते बंद फोल्डरच्या बाहेर ठेवावं लागतं, नाहीतर नकाराचं पान दाखवायलाही नकार मिळतो आणि अपाची दोन-दोन ४०३ चं रडगाणं छापते. एसएसआयची, म्हणजे सर्व्हरने पान देताना भरायची, एक ओळ घालून वाचणाऱ्याचा पत्ता त्याच पानावर दाखवला. फोनवर "उघडत नाही हो" म्हणणाऱ्याला मी आता एवढंच म्हणते, खालचा नंबर वाचा. आतला कुणी असेल तर दुरुस्ती लगेच होते, बहुतेक वेळा फोनचं वायफाय बंद असतं. बाहेरचे असतात ते विचारतात, मग वाचायला कधी येऊ? सोमवार ते शनिवार, १० ते ५, येताना ओळखपत्र आणा.